समुद्र नसलेले भूशिर

किनाऱ्याच्या रेषेतून पुढे सरून समुद्रात घुसलेल्या आणि तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या उंच जमिनीला भूगोलात भूशिर म्हणतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना समुद्र कोठेच लागत नाही, त्यामुळे तेथे भूशिर शोधणे वरवर पाहता व्यर्थ ठरावे. परंतु मुरबाडच्या पूर्व सीमेवर नाणेघाटाच्या माथ्यावरून कोकणावर झुकलेला जो खडक ‘नानाचा अंगठा’ या नावाने ओळखला जातो, त्याला भूशिराखेरीज दुसरे नाव शोभत नाही. येथे दख्खनचे पठार संपते आणि त्याचे टोक जिच्यावर पुढे झुकते ती निळी सपाटी पाण्याची नसून भातखाचरांची आणि सागाच्या रानाची असते, एवढाच काय तो फरक. जुन्नर आणि मुरबाड या तालुक्यांची, पर्यायाने पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांची हद्द या कड्यालगत जाते, त्यामुळे अंगठ्यावर उभा असलेला माणूस पुणे जिल्ह्यात असतो आणि त्याच्या पायाखालून सुटलेला दगड ठाणे जिल्ह्यात पडतो.

ही तुलना केवळ दिसण्यापुरती नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले, आणि त्यानंतर काही दशलक्ष वर्षांतच आज हिंदी महासागरात असलेला सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटून पश्चिमेकडे सरकू लागला. या फाटण्यात पठाराची पश्चिम कड खचली, किनाऱ्याजवळचे थर पश्चिमेकडे झुकले (या झुकावाला भूशास्त्रात ‘पनवेलची वाक’ म्हणतात) आणि जो प्रचंड उतार निर्माण झाला, त्याला पावसाने आणि ओढ्यांनी पायथ्यापासून कोरत कोरत पूर्वेकडे मागे ढकलले. म्हणजे आज समुद्रापासून सुमारे ९० किलोमीटर आत असलेला हा कडा मुळात समुद्राच्याच बाजूला जन्मला आणि मागे सरत येथवर आला, असा बहुतेक भूशास्त्रज्ञांचा तर्क आहे. लाटा जे काम किनाऱ्यावर करतात, तेच येथे ओढे करतात; मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर काही काळ अधांतरी राहतो आणि मग कोसळतो.

लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट आणि काळा, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, आणि दोन थरांच्या सांध्यात अनेकदा भाजल्यासारख्या तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. या आलटून-पालटून येणाऱ्या रचनेमुळे सह्याद्रीची बाजू पायऱ्यांसारखी दिसते. डोंगरात राहणाऱ्यांनी या आकारांना नावे दिलेली आहेत आणि ती पाठ्यपुस्तकातील नावांपेक्षा नेमकी आहेत: उभ्या खडकाला कडा, त्यापासून कोकणात उतरत जाणाऱ्या निमुळत्या धारेला सोंड, दोन कड्यांमधील पाण्याने कोरलेल्या अरुंद घळीला नाळ, आणि कड्याच्या अर्ध्या उंचीवर थांबलेल्या झाडीच्या सपाटीला पदर. नाणेघाट हा या चारही गोष्टींचा मेळ आहे. वाट मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याच्या बाजूने, सध्याच्या कल्याण–माळशेज रस्त्याजवळून निघते, सोंडेने पदरावर चढते आणि शेवटी नाळेतून माथ्यावर बाहेर पडते.

किनाऱ्यावरील भूशिराचे टोक झिजताना कधीकधी त्याचा एखादा तुकडा सुटा राहतो आणि समुद्रात खांबासारखा उभा दिसतो. नाणेघाटाच्या दक्षिणेला जीवधन किल्ल्याच्या कड्यापासून सुटलेला वानरलिंगी हा सुळका म्हणजे त्याच क्रियेचे कोरडे रूप होय. याच क्रियेचे मोठे उदाहरण शहापूर तालुक्यात सापडते. आसनगावच्या रेल्वेस्थानकावरून उत्तरेकडे पाहिले असता माहुलीचा जो करवतीसारखा डोंगर दिसतो, तो सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्णपणे सुटून पश्चिमेकडे, तानसा आणि भातसा या नद्यांच्या खोऱ्यांमध्ये एकटा उभा आहे. उत्तर कोकणात लाव्ह्याच्या थरांना उभे छेदून वर आलेल्या आणि भेगेतच गोठलेल्या खडकाच्या भिंती, ज्यांना डाईक म्हणतात, मोठ्या संख्येने आढळतात, आणि अशा कठीण खडकामुळे भोवतालचा मुलूख झिजून गेल्यावरही काही डोंगर तग धरून राहतात. माहुलीच्या सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी आणि भटोबा अशी नावे दिली आहेत. लग्नाला भटजीही हवा, हे नाव ठेवणाऱ्याने विसरलेले नाही. अंगठा हे भूशिर मानले, तर माहुली हे त्यापुढचे बेट मानावे लागेल.

भूशिराचे महत्त्व त्याच्या स्थानात असते, आणि नाणेघाटाचे स्थान नकाशावर एक पट्टी ठेवली की लगेच समजते. जुन्नर आणि कल्याण ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर, सुमारे १९ अंश १५ मिनिटांच्या आसपास आहेत. त्यांच्यातील हवाई अंतर सुमारे ८० किलोमीटर भरते आणि नाणेघाट या सरळ रेषेच्या किंचित उत्तरेला येतो. दक्षिणेचा बोरघाट आणि उत्तरेचा थळघाट हे दोन्ही या रेषेपासून प्रत्येकी ५० किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. एका टोकाला गोदावरीच्या खोऱ्यातील पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे जुन्नर, दुसऱ्या टोकाला जहाजे जेथपर्यंत खाडीने आत येत ते कल्याण, आणि मध्ये केवळ एक कडा, अशी ही मांडणी असल्यामुळे येथे वाट पडली नसती तरच नवल. चढ कितीही उभा असला तरी अंतर वाचत होते, आणि ज्या काळात माल माणसाच्या डोक्यावर किंवा बैलाच्या पाठीवर जात असे, त्या काळात चढापेक्षा अंतराचा हिशेब मोठा होता.

या हिशेबाची जाणीव दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहन राजवंशाला होती, याचा पुरावा नाळेच्या वरच्या तोंडाजवळ कोरलेल्या लेण्यात आहे. हे लेणे चैत्य किंवा विहार नाही. ते एक चौकोनी दालन असून त्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर प्रत्येकी १० ओळींचा प्राकृत भाषेतील, ब्राह्मी लिपीतील लेख आहे, आणि मागच्या भिंतीवर एकेकाळी राजकुलातील व्यक्तींच्या आठ उठावदार प्रतिमा होत्या. प्रतिमा आज जवळपास नाहीशा झाल्या आहेत, काही ठिकाणी पावलांच्या खुणा उरल्या आहेत. मात्र डोक्यांच्या वर कोरलेल्या नामपट्ट्यांपैकी बऱ्याच वाचता येतात. त्यांत वंशाचा संस्थापक सिमुक, राणी नागनिका आणि तिचा पती श्रीसातकर्णी, कुमार भायल, एक महारठी, कुमार हकुसिरि आणि कुमार सातवाहन यांची नावे आहेत. ‘महारठी’ हा त्या काळातील बड्या सरदारांचा किताब होता आणि पुढच्या ‘मराठा’ या शब्दाशी त्याचे नाते काही अभ्यासकांनी जोडले आहे. नागनिका स्वतः अशाच एका महारठीची कन्या होती. चेहरे नष्ट झाले आणि नावे उरली, हा इतिहासातील नेहमीचा क्रम येथे अक्षरशः भिंतीवर पाहावयास मिळतो.

भिंतींवरील मोठा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो आणि बहुतेकांच्या मते तो राणी नागनिकेने पतीच्या निधनानंतर कोरविला. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, तसेच यम, वरुण, कुबेर आणि वासव या चार लोकपालांना वंदन आहे. वैदिक यज्ञांच्या यादीशेजारी संकर्षण-वासुदेवांचे नाव येते, यामुळे दख्खनमधील धर्माच्या इतिहासात या लेखाला वेगळे स्थान मिळाले आहे. पुढे अश्वमेध, राजसूय, गवामयन, आप्तोर्याम असे यज्ञ आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेची मोजदाद येते. हत्ती, घोडे, गावे, वस्त्रे, चांदीची भांडी आणि विशेषतः गाई व कार्षापण (त्या काळातील नाणे) यांची ही यादी वाचताना ती धर्मलेखापेक्षा जमाखर्चाच्या वहीसारखी वाटू लागते, आणि व्यापारी मार्गावर ती कोरली जावी यात काही अनौचित्य नाही. माल घेऊन आलेल्या प्रत्येकाला वाटेच्या मालकाची ऐपत एका दृष्टिक्षेपात कळावी, हा त्यामागचा एक हेतू असावा.

या यादीतील आकडे हे या लेण्याचे खरे धन आहे, कारण भारतात ब्राह्मी अंक इतक्या विपुलतेने आढळणारे याहून जुने स्थळ क्वचितच असेल. ही अंकपद्धती आजच्यासारखी नाही. तिच्यात शून्य नाही आणि अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरत नाही. दहा, वीस, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि हजाराच्या चिन्हाला सहाचे चिन्ह जोडले की सहा हजार होतात. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांची दक्षिणा नोंदविली आहे, आणि त्याच संदर्भात यज्ञाचे प्रेक्षक व सेवक यांना दिलेली रक्कम ६,००१ असल्याचे गेओर्ग ब्यूलर या अभ्यासकाचे वाचन आहे. सहा हजारांच्या चिन्हापुढे एकाचे चिन्ह म्हणजे एक आडवी रेघ काढली की काम झाले, मध्ये दोन शून्यांची गरज पडत नाही. गाईंच्या संख्यांतही असाच शेवटी एक अधिक धरलेला दिसतो. लग्नाच्या आहेराच्या पाकिटात आजही ५०० ऐवजी ५०१ रुपये घालणाऱ्या समाजाला या जादा एकाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही, जरी दोन्ही रीतींमधील सलग परंपरा सिद्ध करणे अवघड असले.

अर्वाचीन काळात या लेखाकडे लक्ष वेधण्याचे श्रेय कर्नल विल्यम साइक्स याच्याकडे जाते, ज्याने १८२८ मध्ये तो पाहिला. पुढे जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे आणि त्यातील अंकांचे वाचन केले, आणि १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर याने पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणात तो अनुवादासह प्रसिद्ध केला. भगवानलालजींचे काम १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरलाही उपयोगी पडले; त्यात घाटांचे जे वर्णन आहे, ते त्या काळी चालत असलेल्या वाटांची नोंद म्हणून आजही मोलाचे आहे.

मोठ्या लेखापेक्षा साधे, आणि वाटेच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके, लेख टाक्यांजवळ आहेत. खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याला प्राकृतात ‘पोढी’ म्हणत. नाणेघाटातील एका छोट्या लेखात सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने पोढी दान दिल्याची नोंद आहे. सोपारे म्हणजे आजच्या वसई तालुक्यातील नालासोपारा, त्या काळचे मोठे बंदर. बंदरातल्या माणसाने शंभर किलोमीटरांवरच्या कड्याच्या माथ्यावर पाणी खोदवून ठेवावे, यातून या वाटेवर कोण चालत होते हे राणीच्या सगळ्या यज्ञांपेक्षा स्पष्टपणे कळते. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील दानलेखातही दात्याच्या गावाचे नाव कल्याण असेच आहे. वाटेच्या दोन्ही टोकांची नावे अशी दगडावर सापडतात.

माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे आणि तो जकातीच्या नाण्यांसाठी होता, त्यावरूनच घाटाला नाणेघाट हे नाव पडले, असे सर्वत्र सांगितले जाते. घाटात जकात घेतली जात असणार, हे व्यवहाराला धरून आहे. परंतु तेथील ज्ञात लेखांपैकी कोणत्याही लेखात जकातीचा उल्लेख नाही, आणि उघड्यावरचा एक रांजण हे कोणत्याही हुशार जकातदाराचे तिजोरीचे ठिकाण असू शकत नाही. नाना आणि गुणा या दोन भावांनी घाट फोडण्याची पैज लावल्याची लोककथाही प्रचलित आहे आणि अंगठ्याचे नाव तिच्याशी जुळते. नाण्याची कथा शिकलेल्यांची आणि भावांची कथा डोंगरातली, एवढाच भेद दिसतो. पुरावा दोहोंनाही तेवढाच.

वाटेचे भवितव्य मात्र तिच्या खालच्या टोकाला ठरत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शक ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे: पूर्वीच्या एका सातवाहन राजाच्या काळात ते अधिकृत बाजारपेठ होते, परंतु नंतर त्या बंदरावर निर्बंध आले आणि तेथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. सातवाहन आणि पश्चिमेकडील क्षत्रप यांच्यातील झगड्याचा हा व्यापारी चेहरा होता. अभ्यासक नाणेघाटाचे वर्णन बहुधा जुन्नरकडून, म्हणजे वरून करतात, कारण लेणे वर आहे, गाडीरस्ता वरून येतो आणि पर्यटकही वरूनच येतात. परंतु कल्याणच्या खाडीत जहाज न आल्यास नाळेतल्या पायऱ्यांना काही अर्थ उरत नव्हता, ही गोष्ट खालून, मुरबाडच्या बाजूने पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

सतराव्या शतकात या प्रदेशाचे महत्त्व व्यापारी कमी आणि लष्करी अधिक राहिले, आणि एका विलक्षण योगायोगाने भूशिर व बेट एकाच कथेत गुंतले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाही संपल्यात जमा होती. तेव्हा शहाजीराजांनी जीवधनवर कैदेत असलेला मूर्तझा हा निजामशाही वंशातील मुलगा बाहेर काढून त्याला गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालविले. अखेर मोगल आणि आदिलशाही फौजांनी पाठलाग करीत १६३६ मध्ये त्यांना माहुलीवर वेढले. वेढ्याअंती झालेल्या तहात मुलगा मोगलांच्या ताब्यात गेला, शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत दाखल झाले आणि निजामशाहीचा शेवट झाला. ज्या राज्याचा शेवटचा वारस नाणेघाटाच्या शेजारच्या किल्ल्यावरून निघाला, त्याचा अंत शहापूरच्या डोंगरावर व्हावा, यात सह्याद्रीच्या या पट्ट्याचे त्या काळचे स्वरूप दिसते: हा मुलूख जिंकणाऱ्यांचा कमी आणि आसरा शोधणाऱ्यांचा अधिक होता. पुढे माहुली शिवाजी महाराजांनी घेतली, १६६५ च्या पुरंदरच्या तहात ती मोगलांना द्यावी लागली आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी ती परत मिळविली. आसऱ्याची ही परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालली. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे भूमिगत क्रांतिकारक पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले.

तथापि घाटाचा खरा इतिहास राजांचा नसून ओझी वाहणाऱ्यांचा आहे आणि तो लेखांत क्वचितच उतरतो. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर जाई, वरून धान्य खाली येई. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणी टाकून तांडे चालत आणि घाटांची राखण डोंगरातले महादेव कोळी करीत. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा आजही गुरांच्या आणि घोंगड्यांच्या बाजारासाठी ओळखली जाते, आणि घाटावरची घोंगडी कोकणात विकली जाण्याच्या त्या जुन्या देवघेवीचा हा बहुधा शेवटचा जिवंत धागा आहे. नाळेतील फरसबंदी पाहिली की हा रस्ता कोणासाठी होता ते कळते: पायरी रुंद पण असमान आहे, वळण अरुंद आहे, आणि भरलेला बैल एका वेळी एकच जाऊ शकेल अशी जागा आहे. चाकाला येथे कधीच स्थान नव्हते.

आणि चाकानेच हा घाट संपविला. बैल उभा चढ चढतो, परंतु गाडीला हळूहळू चढणारा रस्ता लागतो आणि रेल्वेला तर त्याहूनही सौम्य चढ लागतो. त्यामुळे १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, त्याच घाटातून १८६३ मध्ये आणि थळघाटातून १८६५ मध्ये रेल्वे वर पोहोचली, तेव्हा पट्टीने काढलेल्या सरळ रेषेची किंमत एकाएकी शून्य झाली. पन्नास किलोमीटरचा वळसा आता महाग राहिला नाही. शहापूर तालुका थळघाटाच्या वाटेवर असल्यामुळे त्याला रेल्वे मिळाली, मुरबाडला ती मिळाली नाही, आणि दोन्ही तालुक्यांच्या आजच्या स्वरूपातील बराच फरक या एका निवडीतून आला आहे. पुढे मोटारीचा रस्ताही नाणेघाट टाळून शेजारच्या माळशेजने वर गेला.

अंगठ्यावर आता मुख्यतः पाऊस येतो. अरबी समुद्रावरून ओलावा घेऊन आलेला वारा कोकणाच्या सपाटीवर अडत नाही, तो या कड्यावर आदळतो आणि वर चढताना थंड होऊन आपला भार टाकतो. ऐन पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याच्या जोराने उलटे उडून माथ्यावर परत फेकले जाते; याला लोक उलटा धबधबा म्हणतात आणि तो पाहण्यासाठी शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते. कोकणाच्या बाजूला उतरलेले पाणी काळू नदीला मिळते, शहापूरकडची भातसा पुढे तिलाच येऊन मिळते, आणि हे सगळे उल्हास नदीतून कल्याणच्या खाडीत जाते, म्हणजे बैलांचे तांडे जेथे जात तेथेच. या पट्ट्यातील बरेचसे पाणी मात्र मध्येच अडविले जाते: माहुलीच्या पायथ्याचे तानसा धरण १८९२ मध्ये मुंबईसाठी पूर्ण झाले, भातसा त्यानंतर जवळजवळ एका शतकाने आले. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईचे पाणी जाते, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट पाहावी लागते.

कड्यावर मात्र टँकर पोहोचत नाही, आणि त्याची गरजही फारशी पडत नाही. नाळेच्या माथ्याजवळ खोदलेल्या पोढ्यांपैकी काहींत पाऊस संपल्यानंतरही कित्येक महिने पाणी टिकते. कातळाच्या सावलीत असल्यामुळे ते थंड राहते, काठाचा दगड हात टेकून टेकून गुळगुळीत झालेला आहे, आणि वैशाखऱ्याच्या बाजूने चढून आलेला माणूस प्रथम तेथेच वाकतो.